डबे उघडायचं हत्यार

आप्पा, आज एक हत्यार आलं. तळहातात मावेल एवढंच आहे, पण निवडायला मला तीन आठवडे लागले. पुडक्यातून काढून टेबलावर ठेवलं, उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं आणि वाटलं, आता हे कुणाला तरी दाखवलं पाहिजे. कुणाला दाखवावं याचा विचार करत बसलो तर तुमच्याशिवाय कुणी डोळ्यांपुढं येईना. तुम्हाला जाऊन वीस वर्षांच्या वर झाली. तुमच्या माघारी मी बऱ्याच गोष्टी एकट्यानं निवडल्या, त्यातल्या बऱ्याच चुकल्याही, पण हत्यार निवडताना तुम्ही शेजारी नाहीत हे अजून अंगवळणी पडलेलं नाही. म्हणून लिहायला बसलोय. तुमच्याच दुकानातल्या उंच स्टुलावर बसलोय, त्याचा एक पाय अजून तसाच डुगडुगतो.

दुकानाची आठवण काढली की मला आधी तुमचा नेम आठवतो. हत्यार वापरून बघितल्याशिवाय गिऱ्हाइकाला द्यायचं नाही, आणि ज्या कामाचं हत्यार त्याच कामावर बघायचं. गळिताचा हंगाम लागला की ऊसतोडीची माणसं कोयते घ्यायला यायची, त्यांच्यासाठी तुम्ही पायरीपाशी उसाच्या कांड्यांची मोळी उभी करून ठेवायचा. खुरप्यासाठी मातीनं भरलेली बादली होती. गिरमिटासाठी बाभळीचा ठोकळा होता, त्याला इतकी भोकं पडली होती की मधमाश्यांचं पोळं बरं. एखादा घाईचा गिऱ्हाईक म्हणायचा, "आप्पा, इस्वास हाय की तुमच्यावर, द्या बांधून." तुम्ही म्हणायचा, "माज्यावर इस्वास ठिवून काय करतो? काम हत्यारानं करायचं हाय. हातच्या कांकणाला आरसा कशाला, हान एक घाव." मग तो पायरीवर उभा राहून उसाची कांडी तोडायचा, आणि मी त्या तुटक्या कांड्या चघळत बसायचो. कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, धोतराला ग्रीसचे डाग आणि हातात कोयता, असे तुम्ही मला अजून दिसता.

तर अशा माणसाशी मी खोटं बोललो, आणि तेही एका हत्याराबद्दल. अक्कल कुठं गहाण ठेवली होती देव जाणे. पुण्याच्या हॉटेलात लागलो तेव्हा तुम्हाला सांगितलं की स्टोअर बघतो, किराणा येतो-जातो त्यावर लक्ष ठेवतो. पहिले सहा महिने ते खरंही होतं. मग मला वर रेस्टॉरंटमध्ये घेतलं. हात स्थिर आहे म्हणाले, आणि वाइनच्या बाटल्या उघडायचं काम माझ्याकडं आलं. हात स्थिर का, तर लहानपणापासून तुमच्या दुकानात गिरमिट फिरवलेलं. हे तुम्हाला कसं सांगणार होतो? आपल्या घरात खोकल्याच्या औषधाला दारूसारखा वास येतो म्हणून आईनं बाटली परत पाठवली होती. कोपऱ्यावरच्या परमिट रूमवाल्याला तुम्ही खिळे विकायचा, पण त्याच्या हातचा चहा घेतला नाही. आणि तुमचा मुलगा गळ्यात लिंग, वर पांढरा शर्ट, त्यावर काळा बो लावून लोकांच्या ग्लासात दारू ओतत होता. लाज वाटत होती का? कामाची नव्हती वाटत. काम मला आवडायचं. तुमच्या तोंडाकडं बघायची वाटायची.

ती दिवाळी तुम्हाला आठवत असेल. मी चार दिवसांच्या सुट्टीवर आलो होतो. पाडव्याची पूजा झाली होती, दुकानात झेंडूच्या माळा होत्या आणि गिऱ्हाईक नव्हतं. मी गल्ल्याशेजारी बसून खिशातून रुमाल काढला, तर त्याबरोबर ते फळीवर पडलं. आमच्या कामात ज्याचा ओपनर त्यानं खिशात बाळगायचा असा रिवाज, तो खिशातून काढून ठेवायचं माझ्या ध्यानातच राहिलं नाही. लोखंडाचा आवाज झाला आणि मी हात घालायच्या आधी ते तुमच्या हातात होतं. तुम्ही चष्मा कपाळावरून खाली घेतलात. पात उघडलीत, मिटलीत. मग ती पिळाची तार बाहेर काढलीत आणि तिच्यावरून अंगठा फिरवलात, बाळाच्या हिरडीवर दात आलाय का बघतात तसा.

"कशाचं रं हे?"

"डबे उघडायचं," मी म्हणालो. "स्टोअरला डबे येतेत न्हाय का, टोमॅटोचे, अननसाचे."

निदान सोड्याच्या बाटलीचं म्हणालो असतो तरी अर्धं खरं ठरलं असतं, कारण त्याच्या दांड्याला सोड्याचं झाकण काढायची खाच असतेच. पण चोराच्या मनात चांदणं. बाटली हा शब्दच मला तोंडातून काढवेना.

"डब्याला पीळ कशाला?" तुम्ही विचारलंत.

"नवीन पद्धत हाय," मी म्हणालो.

तुम्ही उठलात. मला वाटलं सुटलो. तुम्ही आत गेलात आणि आईचा तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा घेऊन आलात. फळीवर ठेवलात, एका हातानं दाबून धरलात. तेव्हा मला कळलं, आता काय होणार ते. ज्या कामाचं हत्यार त्याच कामावर बघायचं. मी फक्त एवढं म्हणायचं होतं, आप्पा, थांबा. दोन शब्द. त्या ओपनरचं टोक सुईसारखं होतं, बुचात शिरायला केलेलं. पत्र्यावर ते काय टिकणार? तुम्ही टोक झाकणावर टेकवलंत, वर तळहातानं दाबलंत आणि पीळ दिलात. पत्र्याला साधा ओरखडा पडला आणि टोक बाजूला मुडपलं. तुम्ही ते उजेडाकडं धरून बघितलंत. तुमचा चेहरा इतका ओशाळा झाला की मी दुसरीकडं बघायला लागलो.

"कच्चं लोखंड दिसतंय," तुम्ही हळूच म्हणालात. "का माजंच चुकलं?"

तुमचं काही चुकलं नव्हतं, आप्पा. मी सांगितलं तसं तुम्ही केलं. पण मी "चालतंय की, आप्पा" म्हणालो आणि ते रुमालात गुंडाळून खिशात टाकलं. दिवाळीचे उरलेले दोन दिवस तुम्ही मला निदान चार वेळा विचारलं, की त्यावाचून तुझं काम अडणार तर नाही ना.

अडलं. मी पक्कड लावून टोक सरळ केलं, पण एकदा मुडपलेलं टोक पुन्हा सुतात येत नाही. पुण्याला गेल्यावर तिसऱ्याच दिवशी, एका मोठ्या टेबलावर, कुणाच्या तरी लग्नाच्या वाढदिवसाला, मी भारी बाटली उघडायला घेतली. टोक तिरकं शिरलं, कडेकडेनं गेलं, आणि दांड्यावर जोर दिल्याबरोबर बूच मधोमध तुटलं. अर्धं माझ्या हातात आणि अर्धं बाटलीत. ते काढायला गेलो तर आत ढकललं गेलं आणि वाइनवर भुसा तरंगायला लागला. आमच्या कॅप्टननं, म्हणजे वेटरांच्या मुकादमानं, माझ्या हातातून बाटली घेतली आणि पाहुण्यांकडं हसत मला म्हणाला, "तू आता खाली जा." खाली म्हणजे स्टोअरला. पुढचे दोन-अडीच महिने मी खरोखर डबे लावत बसलो, टोमॅटोचे आणि अननसाचे. खोट्याच्या कपाळी गोटा म्हणतात, माझ्या कपाळी डबे आले. त्या रविवारी बूथवरून दुकानात फोन केला तेव्हा तुम्हाला एवढंच म्हणालो, की त्या हत्याराचं टोक गेलं म्हणून साहेब रागावलेत, वरचं काम काढून घेतलंय. तुम्ही फोन आईकडं दिलात.

पंधरा दिवसांनी निरोप आला, लातूर-पुणे गाडीच्या कंडक्टरकडं पुडकं दिलंय, स्टँडवर जाऊन घे. सकाळची गाडी दुपारी पोचली. गोणपाटात शिवलेलं पुडकं, त्यात आईच्या हातच्या कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि भाकरींच्या मध्ये, मोडू नये म्हणून, वर्तमानपत्रात गुंडाळलेला ओपनर. ग्रीस लावलेला. सोबत दुकानाच्या बिलाच्या पाठीमागं तुमचं अक्षर. तो कागद माझ्यापुढं आहे आता. "डबे उघडायचं हत्यार पाठवीत आहे. सोलापुरात हॉटेलच्या सामानाच्या दुकानात चार बघितली. तीन परत केली. दोनांची तार जाड व भरीव होती, गिरमिटासारखी, ती भोक पाडते पण पकडत नाही. एकाचा सांधा ढिला. ह्याची तार मधून पोकळ आहे, आगकाडी जाते, ती माल न फोडता धरून ठेवते. टोक मी कानशीनं लावले आहे. आधीचं माझ्या हातून गेलं. जपून वापर."

मी स्टँडवरच्या बाकावर बसून ते चार वेळा वाचलं. माल न फोडता धरून ठेवते. डबा कुणी धरून ठेवतं का? मग मी ओपनर हातात घेतला, पीळ बाहेर काढला आणि बघितलं, तर ग्रीसमध्ये, तारेच्या आतल्या बाजूला, बुचाचा एक तपकिरी कण चिकटलेला होता. मोहरीएवढा. तुम्ही हत्यार बघितल्याशिवाय पाठवणार नव्हतातच. आणि ज्या कामाचं त्याच कामावर.

तुम्हाला कळलं होतं. त्या दुकानात कपाळभर विभूती लावून उभे राहिला असाल आणि हे हत्यार मागितलं असेल, तेव्हा दुकानदारानं वरपासून खालपर्यंत बघितलं असेल, आणि कशाचं आहे ते नक्की सांगितलं असेल. तरी तुम्ही कागदावर लिहिलंत, डबे उघडायचं. तुम्ही माझं खोटं माझ्यासाठी नीट शिवून, वर आईच्या भाकरी बांधून परत पाठवलंत. मी संध्याकाळी बूथवर गेलो. दुकानात फोन लावला, तुम्हीच उचललात.

"आप्पा, पोचलं," मी म्हणालो. "डबे लई छान उघडतेत."

"हां," तुम्ही म्हणालात.

मग थोडा वेळ तुमच्या बाजूनं फक्त दुकानाचा आवाज येत राहिला. कुणीतरी तराजूत खिळे टाकत होतं. आणि तेवढ्यात लाईन कट झाली. त्या काळात असं सारखं व्हायचं. पुढच्या रविवारी फोन केला तेव्हा तुम्ही धाराशिवला गेला होतात, आई फोनवर आली आणि तिनं वेगळीच तक्रार सुरू केली. "आरं, थर्मासचं बूच गायब झालंय. चहा ठिवला की घटकाभरात गार. तुजे आप्पा म्हनतेत उंदरानं न्हेलं. एवढालं बूच उंदीर कशाला न्हील, तूच सांग." मी हसलो. ते कशाचं हसू होतं हे तिला कळलं नाही, आणि मला तेव्हा सांगता आलं नाही.

मी पुन्हा टेबलावर लागलो. उन्हाळ्यात लांब सुट्टी काढून यायचं ठरवलं होतं. समोर बसून सगळं सांगायचं, असं मी मनाशी शब्दसुद्धा जुळवले होते. "आप्पा, ते डब्याचं नव्हतं, बाटलीचं होतं. मी तेच काम करतो." एवढंच वाक्य. बसमध्ये घोकत यायचं आणि पायरीवर पाऊल ठेवल्याबरोबर म्हणून टाकायचं, म्हणजे धीर सुटायला वेळच मिळणार नाही. उन्हाळ्याच्या तोंडाशी तुम्ही दुकानातच छाती धरून बसलात. मी पोचलो तेव्हा तुम्हाला भिंतीला टेकवून बसवलं होतं, आपल्या रीतीनं, विभूती लावून, फुलं घालून. नुसते डोळे मिटून गिऱ्हाइकाची वाट बघताय असे दिसत होतात. मी समोर बसलो आणि ते वाक्य तोंडातल्या तोंडात म्हणून बघितलं. तुम्हाला ऐकू गेलं नाही, हे सांगायला नको.

तेराव्या-चौदाव्या दिवशी मी फळीखालचा खण आवरायला घेतला. कानस, मोजपट्टी, खडू, आणि मागं, जुन्या फडक्यात, इंची पाइपाचा वीतभर तुकडा. त्याच्या एका तोंडात आईच्या थर्मासचं बूच ठोकून बसवलेलं. बुचाला वरून दोन भोकं होती, पिळाची, आणि ते अर्धं वर ओढून तसंच सोडलेलं. दारूची बाटली दुकानात आणायची नाही, आणि हत्यार तर बघायचं. म्हणून तुम्ही पाइपाची बाटली केलीत, व्हाइसच्या जबड्यात आवळलीत, आणि घरच्या चहाच्या बुचावर आपल्या मुलाचा ओपनर तपासलात. मग आईला उंदराचं सांगितलंत. मी जमिनीवर बसून हसलो आणि रडलो, दोन्ही एकदमच. आईनं आतून विचारलं काय झालं. मी म्हणालो, बोट चेमटलं. आपल्या घरात एकानं थाप मारली की दुसऱ्याला ती पुढं चालवावीच लागत होती.

तुम्ही दिलेला ओपनर मी त्यानंतर रोज वापरला. हॉटेलं बदलली, तो बदलला नाही. लग्न राहून गेलं. स्थळं येत होती, उमरग्याकडून, लातुराकडून, आपल्यातलीच चांगली घरं. पण स्थळ म्हटलं की चौकशी आली, चौकशीला माणसं पुण्याला येणार, आणि तुम्ही तर सगळ्यांना मुलगा स्टोअर बघतो म्हणून सांगून ठेवलेलं. मी खरं सांगितलं असतं तर माझ्याबरोबर तुम्हीही खोटे पडला असतात, तेही गेल्यावर. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणून मी एकेक स्थळ परत पाठवत गेलो, आणि मग येणंच बंद झालं. आई शेवटपर्यंत माझ्या हट्टी स्वभावाला दोष देत राहिली. ती गेल्यावर पुण्यात राहण्याला काही अर्थ वाटेना. तेरकडच्या एका द्राक्षबागायतदारानं वाइन करायला घेतली होती, पाहुण्यांना चव द्यायला माणूस हवा होता. मी आपल्या ढोकीला परत आलो. तीन वर्षं झाली.

आता माझं असं चाललंय. सकाळी बसनं जातो. रविवारी गर्दी असते, सोलापूर-लातूरची माणसं तेरच्या संग्रहालयातल्या जुन्या वस्तू-मूर्ती बघून झाल्या की आमच्याकडं येतात. मी वीस-पंचवीस बाटल्या उघडतो, कुठला वास कशाचा ते सांगतो, लोक हसतात, फोटो काढतात. दिवसभर माणसांत असतो. संध्याकाळी कुलूप काढून घरात पाऊल टाकलं की दिवा लावण्याआधीचं जे एक मिनिट असतं, ते मला रोज जड जातं. घरापुढच्या तुमच्या दुकानात आता एक शिलाईवाल्या बाई भाड्यानं आहेत, त्यांच्या मशिनचा आवाज बंद झाला की मग घरात माझ्याशिवाय कुणाचाच आवाज नाही. मी भाकरी खाताना मुद्दाम ताटली वाजवतो.

महिन्यापूर्वी तुमच्या ओपनरच्या सांध्याची रिबिट गेली. दोनदा लोहाराकडून ठोकून घेतली होती, तिसऱ्यांदा भोकच मोठं झालं होतं. रविवारी भर गर्दीत दांडा निसटला आणि बाटलीच्या तोंडाचा टवका उडाला. कुणाला लागलं नाही. आमच्या मालकीणबाई चांगल्या आहेत, म्हणाल्या, "काका, तुम्हाला पाहिजे तो मागवा. विजेवर चालणारा घ्या की, बटन दाबलं की झालं." मी तोही बघितला. पण आपल्याकडची वीज आणि त्याची बॅटरी, दोघींच्या भरवशावर पंचवीस पाहुणे कसे उभे करायचे? मग दोन पंख वर करणारा बघितला, पीळ देत गेलं की त्याचे दोन्ही हात आपोआप वर जातात, शरण आल्यासारखे. पाहुण्यांना तो फार आवडतो. चकाकतो पण छान. मी तार बघितली, तर जाड आणि भरीव, तुम्ही परत केलेल्या त्या दोनांसारखीच. दिसतं तसं नसतं. दहा बाटल्यांत एखादं बूच तरी तो भुसा करणारच. एक टेबलाला आवळायचा मोठा होता, तो उभ्या जन्मात मोडणार नाही, पण मला बाटली घेऊन माणसांपर्यंत जायचं असतं, माणसांना टेबलापर्यंत ओढायचं नसतं.

शेवटी तुमच्याच जातीचा घेतला, वेटरच्या खिशातला. तार बारीक, पाच वेढ्यांची, मधून आगकाडी सरकन जाते. टोक मध्यावर नाही, किंचित बाजूला आहे, तसंच लागतं. पात छोटी आणि दातेरी, वरचं वेष्टन एका फेरीत कापते. पण एक गोष्ट तुम्ही बघितलेली नाही, आणि तीच तुम्हाला दाखवायची होती. ह्याच्या दांड्याला दोन टप्पे आहेत, मध्ये एक सांधा. आधी वरच्या खाचेवर टेकवून अर्धं बूच उचलायचं, मग खालच्या खाचेवर घेऊन उरलेलं. बूच सरळ वर येतं, वाकत नाही, म्हणून तुटत नाही. हाताला निम्मा जोर लागतो. माझा उजवा अंगठा आता पहाटे आखडतो, त्याला हे फार बरं पडेल. तुम्ही असता तर तो सांधा वीस वेळा उघडून मिटला असतात आणि म्हणाला असतात, "कुनी काढलं असंल डोकं?"

पुडकं कुरिअरनं आलं. मी कामावर होतो, म्हणून ते शिलाईवाल्या बाईंनी घेऊन ठेवलं होतं. संध्याकाळी त्यांच्याच मशिनच्या दिव्याखाली मी ते फोडलं, कारण दुकानात उजेड तिथंच चांगला आहे. बाई काज करत होत्या. त्यांनी चष्म्यावरून बघितलं.

"काय वो काका हे?"

"डबे उघडायचं," मी म्हणालो. विचारसुद्धा केला नाही. इतकी वर्षं झाली, तरी ते तयारच होतं जिभेवर.

"बरं झालं बाई," त्या म्हणाल्या. "जरा द्या मला. तेलाचा डबा आनलाय. मागच्या बारीला सुरीनं फोडताना हात कापला बघा, टाकं पडलं." आणि त्यांनी कोपऱ्यातल्या डब्याकडं बोट केलं. पत्र्याचा डबा, तुमच्या फळीच्याच बाजूला ठेवलेला.

मी तो डबा बघितला आणि हातातलं नवं टोक बघितलं. त्या दिवाळीला गप्प बसलो होतो तसाच आताही बसलो असतो, तर हे टोकही मुडपलं असतं, बाई ओशाळल्या असत्या, आणि मी पुन्हा म्हणालो असतो, चालतंय की.  बघा, पन्नाशी कधीच ओलांडलेला माणूस मी, आणि एका शिलाईच्या बाईसमोर मला घाम फुटला.

"हे डब्याचं न्हाय," मी म्हणालो. "बाटलीचं हाय. दारूच्या बाटलीचं बूच काढायचं. मी तेच काम करतो."

बाईंनी दोरा दातानं तोडला. "म्हाईत हाय की," त्या म्हणाल्या. "सगळ्या ढोकीला म्हाईत हाय. लई वर्सं झाली. पर डब्याचं कायतरी करा, भाजी थांबलीय माजी."

मी तुमच्या खणातून जुना पेचकस आणि हातोडी काढली आणि त्यांचा डबा फोडून दिला. त्या थँक्यू म्हणाल्या आणि भाजी टाकायला घरी गेल्या. मी स्टुलावर बसलो. लई वर्सं म्हणजे किती, हे विचारायचं राहिलं. तुमच्या वेळीही सगळ्या गावाला माहीत होतं का, तुम्ही लोकांना स्टोअर-स्टोअर म्हणून सांगत होतात तेव्हा लोक मान हलवून ऐकून घेत होते का, हे मला आता कोण सांगणार? पण मला वाईट वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. ते वाक्य मी तुमच्यासाठी जुळवलं होतं. पायरीवर उभं राहून तुम्हाला म्हणायचं होतं. इतकी वर्षं जपून ठेवलेलं, आणि ते मी एका तेलाच्या डब्यापायी दुसऱ्याच कुणाला देऊन बसलो. आता तुमच्यासाठी माझ्याकडं काही शिल्लक नाही, असं वाटून मला फार एकटं वाटलं.

मग लिहायला बसलो. तो पाइपाचा तुकडा समोर आहे. नवा ओपनर त्या बुचावर बघावा असं मनात आलं होतं, तुम्ही अर्धं ओढून ठेवलंय, उरलेलं दुसऱ्या टप्प्यानं अलगद येईल. टोक टेकवलंही. मग काढून घेतलं. ते तुम्ही जिथवर आणलंय तिथंच असू दे. हे पत्र कुठं पाठवायचं नाही, पाइपाबरोबर त्याच फडक्यात ठेवतो.

एक राहिलं. वर मी लिहिलंय, की त्या संध्याकाळी लाईन कट झाली. आईलाही मी तेच सांगितलं होतं, आणि इतक्या वेळा सांगितलं की आज लिहितानाही हात तसाच गेला. लाईन कट झाली नव्हती, आप्पा. खिळ्यांचा आवाज थांबला होता आणि तुम्ही म्हणालात, "लेका, तुला तिथं..." पुढचं मी ऐकलं नाही. फोन मी ठेवला होता.